पोढी आणि पथ : शिरवळच्या लेण्यांतील एक दिवस

भोर तालुक्यातील भोंगवली हे गाव नीरा नदीच्या उत्तरेस वसलेले आहे. नदीच्या पलीकडे सातारा जिल्हा सुरू होतो आणि नैर्ऋत्येकडे मांढरदेवची डोंगररांग उभी राहते. नीरा व कृष्णा यांची खोरी वेगळी करणारी ही रांग काळूबाईचा डोंगर म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. तिची एक सोंड शिरवळच्या बाजूस उतरते. त्या सोंडेच्या पूर्वेकडील अंगावर, एका आखूड आणि चिंचोळ्या दरीच्या माथ्याशी, पंधरा बौद्ध लेण्यांचा समूह आहे. ही गोष्ट मात्र पंचक्रोशीतही थोड्यांनाच ठाऊक असते.

वर्षावासातील एका रविवारी भोंगवली परिसरातील उपासक-उपासिका आणि काही विद्यार्थी यांना ही लेणी दाखविण्याचे काम आमच्याकडे आले. सारोळ्याजवळ पूल ओलांडून गाडी शिरवळच्या रस्त्यास लागली तेव्हा डोंगराचा माथा ढगात होता. मागच्या बाकावरील एका वृद्ध उपासिकेने तेथूनच आम्हांस विचारले, "सर, डोंगर काळूबाईचा, मग लेणी आपली कशी काय?" गाडीत थोडा हशा झाला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लेण्यांची माहिती सांगणाऱ्या प्रत्येकाला याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर देताना आपल्याकडून बरीच घाई होते असे आम्हांस वाटते.

लेण्यांपर्यंतची चाल शिवारातून आणि पुढे चढावरून आहे. पावसाळ्यात दरीच्या माथ्यावरून पाणी उतरते, ठिकठिकाणी त्याचे धबधबे होतात आणि लेण्यांच्या कपाळावरूनही धारा ओघळत राहतात. मुलांचे पाय प्रथम तिकडेच वळले. आम्ही त्यांना अडविले नाही, कारण लेण्यांचा इतिहास सांगण्यास त्या पाण्याइतका चांगला आरंभ दुसरा नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचा नियम कसा आला ते सांगितले आहे. भर पावसात भिक्खू चारिका करतात, हिरवे तृण आणि बारीक जीव पायाखाली तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याची अनुज्ञा दिली. मगधात हा वास वनात वा आरामात करता येई. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस पाहिला म्हणजे येथे खडकाचेच छप्पर का हवे होते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तो खडक थरांचा आहे. कठीण थराखाली मऊ थर, पुन्हा कठीण थर, अशी त्याची रचना. मऊ थर झिजतो, कठीण थर पुढे राहतो, आणि त्याच्या काठावरून ओढा खाली उडी घेतो. थरांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी पावसाळ्यानंतरही काही काळ मिळत राहते. लेणी कोरणाऱ्यांनी डोंगराची ही घडण नीट ओळखलेली होती. अजिंठ्यास वाघोरा नदी सप्तकुंडांतून उतरते, पितळखोऱ्यास ओढा लेण्यांच्या अंगाने वाहतो, भाजे येथे पावसाळ्यात धबधबा कोसळतो. हे सारे योगायोग खास नव्हेत. थेरगाथेत महाकस्सप थेरांच्या नावे ज्या गाथा आहेत, त्यांतही शिळा, शेवाळ आणि स्वच्छ पाणी यांनी युक्त अशा डोंगरांविषयीची ओढ व्यक्त झाली आहे.

शिरवळची लेणी साधी आहेत. ज्यांनी कार्ले किंवा अजिंठा पाहिला आहे त्यांची येथे प्रथम निराशा होते; आमच्या सोबतच्या तरुणांचीही झाली. चैत्यगृह लहान व चौकोनी आहे. मागची भिंत सरळ आहे, खांबांची रांग नाही, आणि मध्ये निराभरण असा स्तूप. बुद्धमूर्ती नाही. उरलेली लेणी भिक्खूंच्या निवासाची आहेत. काहींत ओवऱ्या आणि बाक आहेत, काही मातीने भरून गेलेली आहेत. मूर्तिपूजा रूढ होण्यापूर्वीच्या, म्हणजे प्रारंभीच्या कालखंडातील हा समूह आहे असे अभ्यासक मानतात. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. दात्याचे नाव सांगणारा लेख मात्र येथे मिळत नाही.

वाटेत भेटलेल्या एका गुराख्याने ही पांडवांची लेणी असल्याचे सांगितले. पांडवांनी ती एका रात्रीत खोदली, कोंबडा आरवला आणि काम अर्धे राहिले. ही कथा महाराष्ट्रात शेकडो ठिकाणी ऐकू येते. आमच्यातील एक विद्यार्थी त्याच्याशी वाद घालू लागला, तेव्हा आम्ही त्यास थांबविले. कथा खोटी असली तरी तिच्यात एक निरीक्षण आहे. काम अर्धे राहिले आहे हे गावकऱ्यांनी पाहिले, आणि त्याचे कारण त्यांनी आपल्या परीने शोधले. लेणे वर्षानुवर्षे, दानाच्या ओघाने कोरले जाई. दान आटले किंवा खडक दगा देऊ लागला म्हणजे छिन्नी थांबे. हे कारण ज्यांना सांगता आले असते ते भिक्खू डोंगरातून निघून गेले होते. कोणी सांगणारा उरला नाही, म्हणून पांडव आले.

मग येथे भिक्खू आले कोठून आणि त्यांना पोसले कोणी? याचे उत्तर शिरवळला उभे राहून मिळत नाही, त्यासाठी वाटेचा विचार करावा लागतो. सावित्रीच्या काठी महाड. तेथून वरंधा घाटाने वर चढले की भोर. भोरवरून नीरेच्या खोऱ्याने शिरवळ, आणि दक्षिणेस वाई व कऱ्हाड. या वाटेच्या दोन्ही टोकांस लेणी आहेत. महाडजवळ गांधारपाले व कोल, वाईजवळ लोहारे, पांडवगडाच्या परिसरात धावडी, आणि कऱ्हाडास आगाशिवच्या डोंगरातील मोठा समूह. कोकणातील कुडे येथील एका लेखात कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याचे कोरलेले आहे. घाटावरचा लोहवाणी समुद्राजवळ लेणे देतो याचा अर्थ त्याचे बैल कोणता तरी घाट नेहमी उतरत होते. महावग्गात विहाराच्या जागेविषयी जे सांगितले आहे त्याच्याशी हे जुळते. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी, आणि लोकांना तेथे जाण्यायेण्यास सोयीची असावी. भिक्खूंची लेणी एकांतात आहेत हे खरे. परंतु तो एकांत वाटसरूंच्या हाकेच्या अंतरावरचा आहे.

गांधारपाले येथील लेख या दृष्टीने फार मोलाचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानला जाणारा हा लेख कुमार काणभोअ विष्णुपालित याच्या दानाचा आहे. लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या यांबरोबर त्याने लेण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अशा दोन पोढी दिल्या, आणि लेण्याशी निगडित असा पथही दिला. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. कान्हेरीच्या लेखांतही पोढीचे दान वारंवार येते. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखात उषवदाताने इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. स्तूपाची चौकशी आपण सारेच करतो. पाण्याच्या टाक्याशी मात्र सहली क्षणभर थांबतात, आणि वाट तर कोणाच्या लक्षातही येत नाही. विष्णुपालिताने ती देयधर्मात मोजली होती. डोंगरावर लोकांना बोलवायचे तर त्यांना चढता आले पाहिजे आणि चढल्यावर पाणी मिळाले पाहिजे, इतका साधा विचार त्यामागे आहे.

हे सांगत असताना वृद्ध उपासिका म्हणाल्या, "वाटेचं खरंय. आमच्या घरची बी मागं जात व्हती काळूबाईला." त्या पुढे काही बोलल्या नाहीत, पण सर्वांना २५ जानेवारी २००५ ची आठवण झाली. पौष पौर्णिमेच्या यात्रेत त्या दिवशी मांढरदेवच्या अरुंद चढावर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, आणि सुमारे तीनशे माणसे मरण पावली. त्यांत कष्टकरी घरांतील स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. त्या यात्रेतील पशुबळीविषयी आमचे मत स्पष्ट आहे आणि ते आम्ही अन्यत्र मांडतो. परंतु त्या मृत्यूंचा उल्लेख अंधश्रद्धेचे फळ म्हणून करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. माणसे चेंगरली ती श्रद्धेने नव्हे, वाट अपुरी होती म्हणून. त्याच रांगेच्या दुसऱ्या सोंडेवर उभे राहून हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पाण्याची गोष्ट तर आपल्याला नव्याने सांगावयास नको. गांधारपाल्याच्या लेण्यांपासून जवळच महाडचे चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ज्या परिसरात एका कुमाराने दोन टाकी खोदून दिली होती, त्याच परिसरात अठराशे वर्षांनी पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. महाडच्या त्या लढ्याच्या काळात बाबासाहेब सहकाऱ्यांसह तेथील बौद्ध अवशेष पाहण्यास गेले होते. धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविले आहे की भिक्खूंचे अपरिग्रही व शीलवान जीवन त्यांनी तेथे सहकाऱ्यांना समजावून सांगितले, आणि भिक्खू ज्या आसनांवर बसत त्यांवर बसू नये असेही बजावले. आम्हांस ती आपल्या चळवळीतील पहिली अभ्याससहल वाटते. धर्मांतराची घोषणा त्यानंतर आठ वर्षांनी, १९३५ साली, येवल्यास झाली.

दुसरी सहल १९३४ ची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. वेरूळला जाताना सुमारे तीस जणांचा त्यांचा गट दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी प्रवेशद्वाराजवळच्या टाक्यावर हातपाय धुतले, आणि पाणी बाटविले म्हणून गर्दी अंगावर धावून आली. शेवटी किल्ला पाहता आला, पण आत कोठेही पाण्याला हात लावू नये या अटीवर आणि सशस्त्र शिपाई सोबत घेऊन. आमच्या गटातील मुले धबधब्याखाली मनसोक्त भिजून ओल्या कपड्यांनी हे ऐकत होती. एकाने ओंजळीतले पाणी हळूच खाली सोडले. आम्ही पुढे बोललो नाही.

राहिला बाकावरून आलेला प्रश्न. डोंगर देवीचा, मग लेणी आपली कशी? अलीकडे यावर एक ठरावीक उत्तर दिले जाते. देवी मूळची बौद्धच होती, नाव बदलले एवढेच. टाळ्या पडतात, परंतु पुरावा मागितला तर वक्ता अडखळतो. दामोदर कोसंबी यांनी कार्ल्याची एकवीरा, बेडशाची यमाई, जुन्नरची मानमोडी अशा लेण्यांलगतच्या मातृदेवतांचा विचार केला आहे. त्यांच्या मते जुन्या वाटांच्या संगमावर मातृदेवतांची आदिम स्थाने होती, आणि भिक्खू आले ते त्याच वाटांनी. म्हणजे देवी कदाचित आधीची, भिक्खू नंतरचे, आणि भिक्खू गेल्यावर देवी पुन्हा उरलेली. हा क्रम आपल्याला सोयीचा नाही म्हणून टाळता येणार नाही. काळूबाईविषयी विधान करण्याजोगा पुरावा आमच्याजवळ नाही, आणि म्हणून आम्ही ते करीत नाही. याच रांगेच्या वाईकडील अंगास लोहारे येथे मात्र पुरावा दगडातच आहे. तेथील चैत्यगृहातील स्तूपाचा वरचा भाग नाहीसा झाला असून उरलेल्या भागाची शिवलिंग म्हणून पूजा होते, नाव पालपेश्वर. ज्याने एकदा स्तूप पाहिला आहे त्याला तो तेथे ओळखता येतो. जेथे असे बोट ठेवता येते तेथे ते निःसंकोच ठेवावे. ज्यांचा इतिहास इतरांनी मनास येईल तसा बदलला, त्यांनी स्वतः तो मनास येईल तसा रचला तर लोहाऱ्याच्या त्या स्तूपाची साक्ष कोण मानील?

वृद्ध उपासिकेला आम्ही इतकेच सांगितले की डोंगर कोणा एकाचा नसतो. लेणी मात्र कोणी, कशासाठी कोरली हे तीच सांगतात. त्यांनी चैत्यगृहात जाऊन स्तूपाला हात लावला, वंदन केले, आणि बाहेर येऊन विचारले, "हे कुणी दिलं?" नाव नाही, असे आम्ही म्हणालो. "असू द्या. पानी तर हाय," असे म्हणून त्या कातळावर बसल्या.

उतरताना पावसाने पुन्हा गाठले. पायवाट निसरडी झाली होती. तरुणांनी हात धरून वृद्धांना खाली आणले; यात बराच वेळ गेला आणि भोंगवलीस परतेपर्यंत दिवेलागण झाली. पुढील सहल वरंधा घाटाने गांधारपाल्यास न्यावी असे गाडीतच ठरले. उतरण्यापूर्वी त्या उपासिका पुन्हा आमच्याजवळ आल्या. तेथे विष्णुपालित होता की आणखी कोणी, हे त्यांनी विचारले नाही. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी विचारले, "तिथली वाट कशी हाय, सर?"

पायऱ्या आहेत, असे आम्ही सांगितले.