टाटांनी सिंगापूरला काय शिकवलं?

सिंगापूरची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या पद्धतीने सांगितली जाते. एक गरीब बेट, कडक शिस्तीचे ली क्वान यू आणि मग एकदम काचेच्या उंच इमारती. मधला एक तुकडा त्यात कायम गळतो. त्या तुकड्यात लेथ मशिनं आहेत, कानस घेऊन लोखंड घासणारी पोरं आहेत आणि चक्क एक भारतीय उद्योगसमूह आहे.

1965 साली मलेशियापासून वेगळं झालेल्या सिंगापूरकडे उत्तम बंदर होतं, पण मोठे कारखाने फारसे नव्हते. त्यात 1968 मध्ये ब्रिटिशांनी आपले लष्करी तळ हलवायचं जाहीर केलं. देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा या तळांमुळे येत होता. परदेशी कंपन्यांना बोलावून कारखाने उभे करायचे, तर जमीन देता येत होती, करसवलत देता येत होती. टूल अँड डाय मेकर कुठून देणार?

डाय म्हणजे धातूला आकार देणारा साचा. ट्रकचं बॉनेट असो की कॅमेऱ्याचा एखादा बारीक भाग, आधी त्याचा साचा कठीण पोलादात कोरावा लागतो. तिथे सूत-दोन सूत इकडेतिकडे चालत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. सगळं काही वर्कशॉपच्या या कोपऱ्यावर अवलंबून असतं आणि तिथला माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट इथे कामाचं नाही.

हे कसब टाटांकडे होतं, आणि त्यातलं बरंचसं त्यांनीही दुसऱ्याकडून शिकून घेतलेलं होतं. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1954 मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी 15 वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. करार 1969 मध्ये संपला तेव्हा कंपनी स्वतःच्या पायावर उभी होती. सुमंत मुळगावकरांचा आग्रह असा, की लागणारी टूल्स आणि डाय आपल्याच माणसांनी बनवायच्या. 1966 पासून पिंपरी-चिंचवडला कारखान्याचं काम सुरू झालं, त्यामागेही हाच विचार होता. पुण्यात ‘टेल्कोचा ॲप्रेंटिस’ म्हटल्यावर आजही जुनी माणसं मान डोलावतात.

1972 मध्ये सिंगापूरच्या आर्थिक विकास मंडळाने टाटांबरोबर एक प्रशिक्षण केंद्र उघडलं. नाव अगदी सरळ, टाटा-गव्हर्नमेंट ट्रेनिंग सेंटर. परदेशी कंपनीबरोबर काढलेलं हे तिथलं पहिलं संयुक्त केंद्र. टाटांना सिंगापुरात अचूक यंत्रकामाचा कारखाना काढायचा होता, त्यासाठी कारागीर हवेच होते. मंडळाने खर्चाचा मोठा भार उचलला आणि बदल्यात एक अट घातली: स्वतःला लागतील त्यापेक्षा जास्त पोरं शिकवायची, उरलेली इतर कारखान्यांत जातील.

या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट मला हीच अट वाटते. मदत म्हणून मशिनं येतात, फीत कापली जाते, तज्ज्ञ परत जातात आणि दोन वर्षांनी मशिनवर धूळ बसते, हे आपण आपल्याकडच्या कितीतरी आयटीआयमध्ये बघतो. इथे शिकवणाऱ्याला शिकलेला मुलगा स्वतःच्याच कारखान्यात घ्यायचा होता. कच्चा निघाला तर नुकसान त्याचंच.

मग 1973 मध्ये जर्मन कॅमेरा कंपनी रोलाय आणि 1975 मध्ये फिलिप्स याच साच्यातून आल्या. खरी परीक्षा रोलायने घेतली. 1981 मध्ये कंपनी बुडाली, सिंगापूरचा कारखाना बंद पडला. पण बारीक काम शिकलेले हात इतर कारखान्यांना हवेच होते. 1982 मध्ये हार्ड डिस्क बनवणारी सीगेट सिंगापुरात आली, आणि तो धंदाही अचूकतेवरच चालतो.

पुढे कंपन्यांच्या जागी देश आले. जपान, जर्मनी आणि फ्रान्सबरोबर संस्था निघाल्या आणि 1990च्या दशकात त्या नान्यांग पॉलिटेक्निकमध्ये सामावल्या. 1992 मध्ये आपल्या आयटीआयसारखी आयटीई ही संस्था सुरू झाली. सगळं गोड नव्हतं. आयटीई म्हणजे ‘इट्स द एंड’, असा विनोद तिथली मुलं करायची. मार्क कमी पडले की तिकडे, हा समज सिंगापुरातही होता. सरकारने नव्या इमारतींवर, शिक्षकांवर आणि कोर्सेसवर वर्षानुवर्षं पैसा ओतला, तेव्हा कुठे तो थोडा निवळला.

भारतात ॲप्रेंटिस कायदा 1961 मध्येच झाला होता. म्हणजे सिंगापूरला शिकवायला टाटा गेले त्याच्या अकरा वर्षं आधी. कारखान्यांनी ॲप्रेंटिस घ्यायचे, हे कागदावर होतंच. बऱ्याच ठिकाणी मात्र ॲप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला कामगार, एवढाच त्याचा अर्थ उरला.

2012 मध्ये दिल्ली सरकारने कौशल्य केंद्रासाठी सिंगापूरशी करार केला. मार्गदर्शनाला आली आयटीईच. केंद्राचं नाव ठेवलं वर्ल्ड क्लास स्किल सेंटर, आणि पुढच्या वर्षी विवेक विहारमध्ये वर्ग भरू लागले. सुरुवातीचे कोर्स होते हॉस्पिटॅलिटी आणि रिटेलचे. चाळीस वर्षांपूर्वी इथून तिकडे गेली होती ती कानस आणि डाय.