तळाला गेलेलं गाणं

६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्रायटन. युरोव्हिजन गीतस्पर्धेत त्या वर्षी १७ देश होते. स्वीडनचा आब्बा हा ग्रुप ‘वॉटर्लू’ गाऊन जिंकला. पोर्तुगालकडून पावलो द कार्व्हालो एक प्रेमभंगाचं गाणं गायला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारण ‘आणि निरोपानंतर’ असा. त्याला ३ गुण मिळाले आणि पोर्तुगाल आणखी तीन देशांसोबत तळाला गेला.

हे गाणं खरं तर तिथंच विसरलं जायचं. पण १८ दिवसांनी त्याच गाण्यावर लष्कराच्या तुकड्या तयार झाल्या.

पोर्तुगालमध्ये तेव्हा १९२६ पासून हुकूमशाही होती. आधी लष्कराची, मग सालाझारची आणि त्याच्यानंतर मार्सेलो काएतानोची. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, माणसांवर गुप्त पोलिसांची नजर. त्यात अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये वसाहती टिकवण्यासाठी चाललेली युद्धं. अंगोलातलं तर १९६१ पासून सुरू होतं. या युद्धांना कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीच उठाव करायचं ठरवलं.

आता अडचण बघा. वेगवेगळ्या छावण्यांतल्या तुकड्या एकाच रात्री निघायला हव्यात. एखादी आधी निघाली तर पकडली जाणार, उशिरा निघाली तर बाकीचे अडकणार. फोनवर बोलायची सोय नाही. मी दिवसभर सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात याच्याशी झगडतो, त्यामुळे त्यांचं उत्तर मला फार आवडतं: रेडिओ. रेडिओ ऐकणं गुन्हा नाही, आणि कोण ऐकतंय हे कुणालाच कळत नाही.

२४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका केंद्रावरून कार्व्हालोचं गाणं लागलं. म्हणजे: तयार राहा. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी रेनासेन्सा या केंद्रावर झुझे अफोन्सोचं ‘ग्रांदोला’ लागलं. म्हणजे: निघा, आता माघार नाही. पहिलं केंद्र लिस्बनपुरतं होतं, दुसरं देशभर पोचायचं.

अफोन्सो सरकारच्या डोळ्यांवर आलेला गायक, त्याच्या काही गाण्यांवर बंदी होती. कार्व्हालोच्या गाण्यावर मात्र कुणी संशय घेतला नसता. सरकारी वाहिनीनंच ते स्पर्धेला पाठवलेलं. सेन्सॉर गाण्याचे शब्द तपासायचा. इथे शब्दांत काहीच नव्हतं, अर्थ ऐकणाऱ्यांनी आधीच आपसांत ठरवून घेतला होता.

२५ एप्रिलला लोक रस्त्यावर आले. सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली गेली. संध्याकाळी काएतानोनं शरणागती पत्करली. फुलांच्या फोटोंमुळे एक गोष्ट विसरली जाते: त्या दिवशी गुप्त पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडून चार जणांना मारलं.

आता गोव्याकडे येऊ. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण सालाझारनं ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. पोर्तुगालच्या लेखी गोवा त्यांचाच. क्रांतीनंतर हे बदललं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यांच्याकडून परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरिश यांनी सही केली, आपल्याकडून यशवंतराव चव्हाणांनी.

गाण्यानं क्रांती केली असं मी म्हणणार नाही. ती माणसांनी केली, जीव धोक्यात घालून. पण ब्रायटनमधला तो व्हिडिओ यूट्यूबवर आहे, एकदा बघा. सूट घातलेला एक तरुण मन लावून गातोय. त्याला मिळणार आहेत ३ गुण, आणि या गाण्याचं तीन आठवड्यांच्या आत काय होणार आहे, हे त्या सभागृहात कुणालाच माहीत नाही.