आंदर मावळचे पाणी, मुंबईची वीज

१/ ‘आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’ हे नाव वाचून अनेकांना आंध्र प्रदेश आठवतो. प्रत्यक्षात ही आंध्रा नदी मावळातली. तिचे खोरे म्हणजे आंदर मावळ.

२/ टाटांनी ही कंपनी १९१६ मध्ये स्थापली. ठोकळवाडीला धरण बांधून पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी, भिवपुरीला उतरवले. १९२२ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली.

३/ ग्राहक मात्र दूर मुंबईत. एवढ्या अंतरात तारा तापून वीज वाया जाते आणि ही हानी विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

४/ उपाय होता उच्च दाबाचा. तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठवली, तर प्रवाह एक दशांश आणि त्याच तारेतील हानी एक शतांश होते. म्हणूनच १९१५ च्या खोपोली केंद्रापासून टाटांच्या वाहिन्यांवर सुमारे १ लाख व्होल्टचा दाब असे. मुंबईत रोहित्रे तो उतरवीत.

५/ किंमत मावळाने मोजली. खोऱ्यातील जमीन जलाशयाखाली गेली. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्याच दुसऱ्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे नेते. तारांतील हानीचे गणित अभियंत्यांनी सोडवले होते. बुडालेल्या जमिनीचा हिशेब मात्र मावळ्यांना स्वतःच मांडावा लागला.