गोठ्याचे टेबल

मारेगावला आमचा गोठा होता. आमच्या वऱ्हाडात त्याला कोठा म्हणतात. गुरे विकली गेली, ट्रॅक्टर आला, आणि कोठ्यात उरले ते चार सागवानी खांब, दोन मयाली आणि दुपारच्या वेळी तिथे जाऊन बसणारे बाबा. ‘पाडून टाकू या का?’ असे मी विचारताच बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांनाच पाडायला निघालो होतो!

शेवटी तह झाला. लाकूड विकायचे नाही, त्याचे टेबल करायचे.

लाकूडही साधेसुधे नव्हे. पणजोबांनी हा कोठा बांधला तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव वणी होते; त्याचा यवतमाळ जिल्हा झाला १९०५ साली. कारभार इंग्रजांचा, वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि खांब बैलांचे. तिघांपैकी खांब तेवढे टिकले. सागाच्या अंगात तेल असते, म्हणून उधई त्याच्या वाटेला जात नाही. आज नवा साग मिळवू म्हटले तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे स्वतःच्या शेतातले झाड तोडायलाही परवानगी काढावी लागते. त्यापेक्षा पणजोबा बरे!

‘गोठ्याच्या लाकडाचे टेबल?’ म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी नाक मुरडले. मी त्यांना व्हिक्टोरिया राणीचा दाखला दिला. ‘रेझोल्यूट’ नावाचे इंग्रजी जहाज १८७९ साली मोडीत निघाले. त्याच्या लाकडाचे टेबल करून राणीने १८८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवले. ‘त्या जहाजात शेण नव्हतं,’ एवढेच उत्तर आले.

सुतारकाकांच्या रंध्याचे पाते पहिल्याच दिवशी आतल्या तुटक्या खिळ्यावर गेले. ‘भाऊ, हे लाकूड नोय, लोखंड होय!’ म्हणून त्यांनी कपाळ पुसले. पुढे एका खांबावर दाव्याने घासून पडलेली बोटभर खाच निघाली. ती तासायला त्यांनी रंधा उचलला, तोच बाबा मध्ये आले.

‘ते राहू द्या. तिथं लाल्या बांधत होतो.’

खाच राहिली. टेबल थोडे डगमगते. हिशेब लिहिताना पेन्सिल घरंगळत जाऊन नेमकी त्या खाचेत पडते. पाहुणे आले की चहाचे कप सगळीकडे ठेवता येतात, फक्त त्या कोपऱ्यावर नाही. कोणी ठेवलाच, तर बाबा हळूच कप उचलून अलीकडे सरकवतात.

‘इकडं ठेवा. तिकडं बैल आहे.’