नाडी ते रक्तदाब : हृदय व रक्तवाहिन्यांच्या तपासणीची मराठी परिभाषा

प्रस्तावना

मालाडसारख्या उपनगरातील दवाखान्यात हृदयाविषयीचे संभाषण एका भाषेत होत नाही. मढ, एरंगळ, मार्वे या किनारपट्टीवरील कोळी व ईस्ट इंडियन समाजाची मराठी, कोकणातून आलेल्या कुटुंबांची मराठी, शिवाय गुजराती व हिंदी अशा अनेक भाषा व बोली तेथे एकत्र येतात. तरीही 'छातीत कळ येते', 'दम लागतो', 'धडधडते', 'जीव घाबरा होतो' ही रुग्णाची वाक्ये आणि 'बीपी', 'ईसीजी', 'ब्लॉकेज', 'अँजिओग्राफी' ही डॉक्टरांची उत्तरे हा साचा मराठी रुग्णाच्या बाबतीत बहुधा कायम असतो. लक्षण मराठीत सांगितले जाते. निदान इंग्रजीत ऐकले जाते. या दोहोंना जोडणारी, तपासणीचा निष्कर्ष मराठीत सांगणारी परिभाषा एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडू लागली होती. ती व्यवहारात का रुजली नाही आणि तिच्यातील काही शब्द मात्र का टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन शब्दांचा वारसा

मराठीला या विषयातील शब्द संस्कृत वैद्यकाकडून मिळाले. परंतु त्यांचे अर्थ आजच्या अर्थांशी जुळणारे नव्हते. चरकसंहितेत धमनी, स्रोतस् आणि सिरा या तीन शब्दांची व्युत्पत्ती अनुक्रमे फुंकणे, स्रवणे व सरणे या क्रियांशी जोडली आहे. 'धमनी' म्हणजे मुळात ज्यात वायू फुंकला जातो अशी नळी. युरोपीय भाषांतील 'आर्टरी' या शब्दाचे ग्रीक मूळही वायुनलिकेकडेच बोट दाखविते, हे साम्य लक्षणीय आहे. चरकाने दहा महामूल वाहिन्यांचा उगम हृदयात मानला, तर सुश्रुताने चोवीस धमन्यांचा उगम नाभीत मानला.

सुश्रुतसंहितेत सिरांची संख्या ७०० असून त्यांचे प्रत्येकी १७५ असे चार वर्ग केले आहेत. वातवाहक सिरा अरुण, पित्तवाहक नील, कफवाहक गौर आणि रक्तवाहक 'रोहिणी' होत. आधुनिक मराठी परिभाषेतील 'रोहिणी' आणि 'नीला' ही जोडी या चार वर्णांतील दोन नावांची आठवण करून देते. मात्र हृदयाकडून निघणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे परतणारी ती नीला, हा अर्थ सुश्रुताचा नाही. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये मांडला. त्याआधी असा भेद करण्यास आधारच नव्हता. शब्द जुने राहिले, त्यांत आशय मात्र नवा भरला गेला.

हाताच्या नाडीवरून रोगनिदान करण्याची पद्धतही आयुर्वेदाच्या आद्य संहितांत नव्हे, तर त्यानंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत सुस्पष्टपणे येते. वातप्रकोपात नाडी सर्प व जळू यांच्या गतीने, पित्तात कावळा व बेडूक यांच्या गतीने, तर कफात हंस व पारवा यांच्या गतीने चालते, असे तेथे सांगितले आहे. ही परिभाषा उपमेची आहे. बोटाला जाणवलेली गती वैद्याने शिष्याला सांगावी कशी, या अडचणीवर काढलेला तो मार्ग होता.

लोकभाषेतील शब्दांची अडचण वेगळीच होती. 'शीर' या एका शब्दात रोहिणी, नीला आणि मज्जातंतू हे तिन्ही सामावतात. 'काळीज' शरीररचनेच्या दृष्टीने यकृत. पण काळजात धस्स होते ते मात्र हृदयात. त्यामुळे शारीरशास्त्र मराठीत शिकवू पाहणाऱ्या अध्यापकाला बोलीतील शब्द अपुरे आणि संस्कृत शब्द अन्य अर्थाने भारलेले, अशा दुहेरी पेचातून वाट काढावी लागली.

मुंबईतील देशी भाषांचे वैद्यकवर्ग

या प्रयत्नाचा आरंभ १८२६ मध्ये झाला. त्या वर्षी मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी सरकारी शाळा निघाली. पाठ्यपुस्तकांची मराठी व गुजराती रूपांतरे करणे हा तिच्या कामाचाच भाग होता. १८३२ मध्ये ही शाळा बंद पडली. १८४५ मध्ये भायखळ्यास सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजाने इंग्रजी माध्यम स्वीकारले. मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांना मोठ्या संख्येने प्रशिक्षित माणसे हवी होती. ही गरज ओळखून १८६१ मध्ये त्याच महाविद्यालयात मराठी व गुजराती वर्ग उघडण्यात आले.

परिभाषेच्या इतिहासात या वर्गांचे महत्त्व मोठे आहे. तेथे मराठी संज्ञेला वापरणारे होते. अध्यापकाने सांगितलेला शब्द विद्यार्थ्याने परीक्षेत लिहायचा आणि पुढे दवाखान्यात रुग्णासमोर उच्चारायचा, अशी ती साखळी होती. जो शब्द रुग्णाला कळणार नाही, तो या प्रवासात आपोआप मागे पडण्याची शक्यता होती. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. पाश्चात्त्य वैद्यकात प्रशिक्षित असलेल्या डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची मुद्रित आवृत्ती १८८० मध्ये सिद्ध केली. दोन्ही परंपरा जाणणारी ही पिढी होती.

१८७८ मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने वैद्यकशाळा सुरू झाली आणि मराठीतील शिक्षणाचे केंद्र तिकडे सरकले. पुढे तेथेही इंग्रजी माध्यम आले. १९४६ मध्ये शाळेचे महाविद्यालय झाले. मराठीत शिकून मराठीत तपासणारा डॉक्टर निर्माण होण्याची व्यवस्था संपली. परिभाषेचा ऱ्हास मराठीच्या असमर्थतेमुळे झाला, असा समज आढळतो. वस्तुतः शब्दांना दैनंदिन वापरकर्ता उरला नाही, हे त्याचे अधिक संभाव्य कारण होय.

उपकरणे आणि त्यांचे शब्द

मराठीतून वैद्यकशिक्षण मागे पडत असतानाच हृदयाच्या तपासणीची साधने झपाट्याने बदलत होती. लेनेकचा स्टेथोस्कोप १८१६ चा. रिव्हा-रोची याचा दाबमापक पट्टा १८९६ चा. कोरोत्कोव्ह याने दाब ऐकून मोजण्याची रीत १९०५ मध्ये मांडली. आइंटहोव्हेन याचा विद्युत् हृल्लेख विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा. या साधनांनी तपासणीचे क्रियापदच बदलले. नाडी 'पाहिली' जात असे, रक्तदाब 'मोजला' जाऊ लागला. उपमेची जागा अंकाने घेतली.

या नव्या शब्दांपैकी 'रक्तदाब' पूर्णतः रुजला. हिंदीने 'रक्तचाप' स्वीकारला असता मराठीने 'दाब' हा घरातला शब्द निवडला. त्याचे दोन्ही घटक निरक्षर माणसासही ठाऊक आहेत. याउलट आकुंचन दाब व प्रसरण दाब हे शब्द पाठ्यपुस्तकातच राहिले. रुग्णाने त्यांना 'वरचे बीपी' आणि 'खालचे बीपी' अशी नावे दिली. ही नावे शरीरातील वर-खाली दर्शवीत नाहीत; कागदावर १२०/८० असे अंक मांडले जातात, त्या मांडणीवरून ती आली आहेत. विद्युत् हृल्लेखाचेही तसेच झाले. मराठी घरात 'कार्डिओग्राम काढला' असेच म्हटले जाते.

कोशांचा काळ

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर परिभाषेचे काम शासनाने हाती घेतले. भाषा संचालनालयाने शारीर, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र अशा विषयांचे परिभाषाकोश तयार केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाने रोहिणी, नीला, केशवाहिनी, महारोहिणी, हृद्रोहिणी असे सुसंगत शब्दकुल वापरले. मात्र शालेय पुस्तकांतून 'धमनी' व 'शिरा' ही जोडीही चालत राहिली. एका वाहिनीला दोन नावे मिळाली आणि तपासणीच्या खोलीत दोन्ही अपरिचित राहिली.

याच काळात मुंबईत हृदयवैद्यकाने मोठी मजल मारली होती. १९६८ च्या फेब्रुवारीत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तेथीलच डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबावरील शवासनाच्या परिणामांचा अभ्यास १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. 'शवासन' हा शब्द इंग्रजी वैद्यकीय लेखनात जसाच्या तसा गेला, कारण तो शब्द वापरणारे डॉक्टर तेथे होते. कोशातील 'हृद्रोहिणी'ला तसे वापरकर्ते मिळाले नाहीत.

परिभाषेचा अभाव आणि रुग्ण

हा प्रश्न केवळ भाषाभिमानाचा नाही. 'हृदयविकाराचा झटका' हा शब्दप्रयोग मराठीत दोन भिन्न घटनांसाठी सर्रास वापरला जातो. हृद्रोहिणीत अडथळा येऊन स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो व नाडी लागते. त्याला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते. हृदयक्रिया अकस्मात बंद पडते, तेव्हा शुद्ध हरपते, नाडी लागत नाही आणि जवळच्या माणसाने तत्क्षणी छातीवर दाब देण्यास आरंभ करावा लागतो. दोहोंना एकच नाव असल्यास पाहणाऱ्याच्या कृतीत गोंधळ होऊ शकतो.

संमतीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतरच दिलेली संमती ग्राह्य मानली. न कळणाऱ्या शब्दांखाली केलेली सही या कसोटीला कितपत उतरते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

समारोप

मराठीत हृदयपरीक्षेचे शब्द कमी नव्हते. १८२६ आणि १८६१ च्या प्रयत्नांत शब्दाबरोबर तो वापरणारा माणूसही घडविला जात होता. नंतरच्या कोशांनी शब्द दिले, माणूस दिला नाही. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये हिंदी वैद्यकीय पाठ्यपुस्तके आली, तेव्हापासून देशी भाषांतील वैद्यकशिक्षणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. मात्र संपूर्ण अभ्यासक्रमाच्या भाषांतराची वाट न पाहता रुग्णसंवादापासून आरंभ करता येईल. 'रक्तदाब' कसा रुजला, हे त्यासाठी मार्गदर्शक ठरावे. मालाडमधील रुग्ण 'छातीत कळ येते' असे म्हणतो, तेव्हा तो आपले काम चोख करीत असतो. त्याला त्याच भाषेत उत्तर देता येणे हे वैद्यकशिक्षणाचेही उद्दिष्ट असावयास हवे.