शांघायमधले तपकिरी इन्सुलिन

युद्धकाळातल्या मृत्यूंची मोजदाद ठरावीक रकान्यांत होते. बॉम्ब, भूक, पटकी, टायफस. आजार आधीपासूनच सोबत होता आणि युद्धाने फक्त रोजचे औषध थांबवले, अशा माणसांसाठी मात्र रकाना सापडत नाही. एव्हा सॅक्सलची हकिकत मला मोलाची वाटते ती यासाठी.

एव्हाचा जन्म प्रागचा, १९२१ मधला. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले तेही याच वर्षी. नाझींच्या भीतीने ती आणि तिचा नवरा व्हिक्टर शांघायला पळाले. अशा वीसेक हजार ज्यूंना त्या शहराने आसरा दिला होता. तिथेच तिला मधुमेह जडल्याचे कळले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी सगळ्या शहराचा ताबा घेतला, औषधांची दुकाने बंद झाली आणि इन्सुलिन काळ्या बाजारात सोन्याच्या मोलाने विकले जाऊ लागले. त्यात भेसळही होती.

व्हिक्टर कापडधंद्यातला अभियंता. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. हाताशी होते एक वैद्यकीय पाठ्यपुस्तक. एका चिनी रसायनतज्ज्ञाने आपल्या छोट्या प्रयोगशाळेत जागा दिली, कत्तलखान्यातून पाणम्हशींची स्वादुपिंडे आणली. स्वादुपिंडातले पाचक रस इन्सुलिनलाच खाऊन टाकतात. ते टाळण्यासाठी आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलात अर्क काढावा लागतो. पण खरी कसोटी पुढेच होती. अर्क निघाला तरी त्याचा जोर किती, हे कसे ओळखायचे? उपाशी सशाला तो टोचायचा आणि त्याची साखर किती उतरते ते पाहायचे. अंदाज थोडा चुकला तरी रोगी दगावणार. निघालेला द्रव तपकिरी होता. माणसांत तो पहिल्यांदा टोचून घेतला एव्हाने.

१९४३ मध्ये जपान्यांनी या निर्वासितांना होंगक्यू भागात कोंडले. अनेकांचे जेवण मदतसंस्थांच्या स्वयंपाकघरांवर अवलंबून होते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इन्सुलिन आणि पोटातले अन्न यांचा मेळ बसला नाही, तर औषधच जीव घेते. आज वाडगाभर मिळाले, उद्या काय मिळेल याचा भरवसा नाही; अशा ठिकाणी मात्रा ठरवणे हे अर्क काढण्याइतकेच जोखमीचे. संकटातल्या मदतीत धान्य एकाकडे आणि औषध दुसऱ्याकडे सोपवण्याची रीत आहे. मधुमेह्याला ती परवडत नाही.

दोनशेहून अधिक रुग्ण या इन्सुलिनवर जगले, असे सांगितले जाते. ही माहिती मुख्यतः एव्हाच्याच कथनातून आलेली आहे. पण दुसऱ्या कुणी ही माणसे मोजलीच नव्हती.

युद्धानंतर हे दांपत्य अमेरिकेत गेले. तिथे एव्हाची चार्ल्स बेस्ट यांच्याशी भेट झाली आणि पुढे अनेक वर्षे ती मधुमेह्यांपुढे बोलत राहिली. २००२ मध्ये चिलीतल्या सांतियागो शहरात ती वारली. तोवर इन्सुलिनवर तिची साठेक वर्षे झाली होती.