दगडाला वजन कोणी दिले?

'अँग्री बर्ड्स' आपल्या घराघरांतल्या मुलांनी खेळला. गलोलीतून सुटलेला पक्षी फळीवर आदळतो, फळी कलते आणि वरचा दगड गडगडत खाली येतो. ही पडझड आधी चितारून ठेवलेली नसते. वस्तुमान, वेग आणि घर्षण यांचे गणित क्षणोक्षणी मांडून ती घडते. हे गणित करणारी प्रणाली म्हणजे 'फिजिक्स इंजिन'.

२००६ साली अमेरिकेतील 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स'मध्ये एरिन कॅटो यांनी व्याख्यानासाठी असे एक छोटे इंजिन तयार केले. पुढे 'बॉक्स२डी' या नावाने ते सर्वांना मोफत खुले केले. ते कोणत्याही एका यंत्राला बांधलेले नव्हते. त्यामुळे एकदा लिहिलेला खेळ अनेक फोनवर चालवणाऱ्या साधनांनी ते सहज सामावून घेतले. कोकोस२डी, कोरोना आणि २०१३ मध्ये युनिटीसुद्धा. दोघातिघांच्या चमूलाही आता न्यूटनचे नियम नव्याने लिहावे लागेनात.

डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या 'अँग्री बर्ड्स'मागेही हेच इंजिन होते. परवान्यात श्रेय देण्याची सक्ती नव्हती. २०११ मध्ये त्याच परिषदेत कॅटो यांनी श्रोत्यांतून त्या खेळाच्या कंपनीला विचारले, इंजिन कोणते? उत्तर आले, बॉक्स२डी. मग श्रेय द्याल का, असे विचारून त्यांनी आपली ओळख सांगितली.

आपण उत्सव करणारी माणसे हे जाणतो. आरास सारे पाहतात; मांडव उभारणाऱ्याला मोबदला नको असतो, पण त्याचे नाव घेणे हे आपले काम असते.